शिकलेला कुत्रा कोणाला म्हणावे?

उंच वाळलेल्या गवताचे रान. शिकाऱ्याच्या छऱ्याने एक पक्षी दीडशे-दोनशे यार्डांवर पडला आहे. शिकाऱ्याने तो पडताना पाहिला, पण त्याच्या कुत्र्याने पाहिला नाही, कारण त्या वेळी कुत्रा दुसरीकडे पाहत होता किंवा दुसरा पक्षी आणायला गेला होता. वाराही उलटा असल्याने वास येत नाही. म्हणजे कुत्र्याला डोळ्यांनी काही दिसलेले नाही आणि नाकालाही काही कळलेले नाही. तरी मालक त्याला शेजारी बसवतो, त्याच्या डोक्याशेजारी हाताचा पंजा धरून दिशा दाखवतो आणि एक शब्द उच्चारतो. कुत्रा त्या दिशेने सरळ रेषेत धावत सुटतो. रेषा चुकली तर शिट्टी वाजते. कुत्रा जागीच बसतो, मागे वळून मालकाकडे पाहतो, मालकाचा हात जिकडे जाईल तिकडे वळतो आणि पुन्हा धावतो. शेवटी पक्षी तोंडात धरून, त्याला दात न लावता, मालकाच्या हातात आणून देतो.

इंग्रजीत याला ‘ब्लाइंड रिट्रीव्ह’ म्हणतात. आपण त्याला ‘न पाहिलेले आणणे’ म्हणू. लॅब्रेडॉर आणि गोल्डन रिट्रीव्हर हे कुत्रे आज आपल्याकडच्या सोसायट्यांतही दिसतात, पण ते ज्या कामासाठी घडवले गेले त्याची ही सर्वात अवघड परीक्षा आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार बंद झाली. पाश्चात्त्य देशांतही या कुत्र्यांचा बहुतेक सराव कापडाच्या किंवा प्लास्टिकच्या नकली पक्ष्यावर, म्हणजे ‘डमी’वर होतो. त्यामुळे शिकारीच्या बऱ्यावाईटाची चर्चा बाजूला ठेवूनही या तालमीचा इतिहास पाहता येतो. तो इतिहास पाहण्यासारखा आहे, कारण त्यात एक जुना प्रश्न दडलेला आहे. एखादा जीव ‘शिकला’ असे आपण केव्हा म्हणावे?

फिकहच्या ग्रंथांतला कुत्रा

हा प्रश्न मुस्लिम कायदेपंडितांनी बाराशे वर्षांपूर्वी फार बारकाईने हाताळला होता. मुसलमान आणि कुत्रा हा विषय निघाला की चर्चा नापाकीवर येऊन थांबते. कुत्र्याच्या लाळेबद्दल फकीहांत मतभेद आहेत. हनफी आणि शाफई ती नापाक मानतात, मालिकी मानत नाहीत. परंतु शिकारीचा, गुरांच्या राखणीचा आणि शेताच्या राखणीचा कुत्रा पाळण्याची मुभा हदीसमध्ये स्पष्ट आहे. कुरआनच्या पाचव्या सूरहमध्ये, ‘अल-माइदा’च्या चौथ्या आयतीत, शिकवलेल्या शिकारी प्राण्यांनी धरून आणलेले खाणे जायज ठरवले आहे. अल्लाहने माणसाला जे शिकवले त्यातलेच माणूस त्या प्राण्यांना शिकवतो, असे ही आयत सांगते. तिथे वापरलेले क्रियापद ‘तअलीम’च्या धातूतले आहे. आपल्या मराठीत पैलवानांची ‘तालीम’ आणि नाटकाची ‘रंगीत तालीम’ ज्या शब्दातून आली, तोच हा शब्द. अरबी ग्रंथांत अशा कुत्र्याला ‘मुअल्लम’, म्हणजे तालीम मिळालेला, म्हणतात.

आता व्यवहाराचा प्रश्न असा होता की शिकलेल्या कुत्र्याची शिकार हलाल आणि न शिकलेल्याची हराम असेल, तर दोघांतली रेषा कुठे आखायची? तय्य कबिल्यातले सहाबी अदी बिन हातिम यांनी हा प्रश्न पैगंबरांना (स.) विचारल्याची हदीस प्रसिद्ध आहे. उत्तराचा आशय असा की अल्लाहचे नाव घेऊन सोडलेल्या शिकलेल्या कुत्र्याने धरलेले खावे. पण त्याने त्यातले स्वतः खाल्ले असेल तर खाऊ नये, कारण मग ते त्याने स्वतःसाठी धरले आहे.

पुढे फकीहांनी यावरून कसोट्या ठरवल्या. शाफई मताप्रमाणे कुत्रा सोडल्यावर गेला पाहिजे, रोखल्यावर थांबला पाहिजे, धरलेले खाता कामा नये, आणि हे एकदा नव्हे तर पुनःपुन्हा घडले पाहिजे. इमाम अबू हनीफा यांचे शिष्य अबू यूसुफ आणि मुहम्मद यांनी तीनदा न खाण्याची अट घातली. खुद्द अबू हनीफा यांनी आकडा ठरवण्याचे टाळले आणि निर्णय तालीम देणाऱ्या जाणकारावर सोडला.

बाराव्या शतकात फरगान्याच्या बुरहानुद्दीन मरगीनानी यांनी लिहिलेला ‘हिदाया’ हा ग्रंथ भारतातल्या मदरशांत शतकानुशतके शिकवला जातो. त्यातला एक युक्तिवाद मला या सगळ्याचा गाभा वाटतो. ससाणा शिकला हे कशावरून ओळखायचे? बोलावल्यावर परत आला, यावरून. आणि कुत्रा शिकला हे? धरलेले खाल्ले नाही, यावरून. दोघांना वेगळी कसोटी का? कारण ससाण्याचा स्वभाव माणसापासून दूर पळण्याचा, म्हणून त्याचे परत येणे ही तालमीची खूण. कुत्रा तर मुळातच माणसाळलेला, त्याच्या परत येण्यात विशेष काही नाही. हिसकावून खाणे हा त्याचा स्वभाव, म्हणून ते सोडणे ही त्याची खूण. जीव शिकला की नाही, हे त्याने आपल्या सवयीतले काय सोडले यावरून मोजायचे, असा हा हिशेब आहे.

हाच हिशेब मनात ठेवून आता आपण ब्रिटनकडे जाऊ, कारण रिट्रीव्हर तिथे घडला.

मासेमारांचा कुत्रा, उमरावांची बंदूक

लॅब्रेडॉरचे मूळ लॅब्रेडॉरमध्ये नसून शेजारच्या न्यूफाउंडलंड बेटावर आहे. तिथल्या सेंट जॉन्स परिसरातल्या मासेमारांकडे आखूड केसांचे, काळे, पाण्यात बेधडक उडी घेणारे कुत्रे होते. मासळीच्या जहाजांबरोबर ते इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या पूल बंदरात येत. पीटर हॉकर या शिकारी लेखकाने १८१४ मध्येच त्यांची तारीफ लिहून ठेवली आहे. माल्म्सबरीचे अर्ल आणि स्कॉटलंडमधले बक्लूचे ड्यूक या घराण्यांनी ते पाळले आणि वाढवले. १८६० च्या दशकात स्कॉटलंडमध्येच लॉर्ड ट्वीडमाउथ यांनी ‘नूस’ नावाचा पिवळा कुत्रा आणि ‘बेल’ नावाची ट्वीड वॉटर स्पॅनियल जातीची कुत्री यांच्यापासून गोल्डन रिट्रीव्हरची पैदास सुरू केली.

त्याच काळात बंदूक बदलत होती. पुढून ठासायच्या बंदुकीच्या जागी मागून काडतूस भरायची बंदूक आली. बार पटापट निघू लागले. हाकारे पक्षी उठवत आणि ओळीने उभे असलेले शिकारी ते पाडत, अशा शिकारीची मोठी चाल पडली. मिनिटभरात चहूकडे पक्षी पडू लागले. पूर्वी पक्षी शोधून दाखवणारा कुत्राच तो आणूनही देई. आता केवळ आणण्यासाठी वेगळ्या कुत्र्याची गरज निर्माण झाली. कुत्रा चलाख असला तरी दहा ठिकाणी पडलेले पक्षी एकाच वेळी पाहू शकत नाही. न पाहिलेला पक्षी आणण्याचा प्रश्न असा उभा राहिला.

हाताच्या खुणांनी कुत्र्याला दिशा दाखवण्याची कल्पना शिकाऱ्यांना अगदीच नवी नव्हती. ब्रिटिश फौजेतले अधिकारी विल्यम हचिन्सन यांनी १८४८ मध्ये शिकारी कुत्र्यांच्या शिक्षणावर पुस्तक लिहिले आणि त्यात हाताच्या इशाऱ्यांना मोठी जागा दिली. पुस्तकाच्या नावात मात्र ‘डॉग ब्रेकिंग’ हे शब्द आहेत. त्या काळी कुत्र्याला शिकवत नसत, ‘मोडत’ असत. चाबूक हे नेहमीचे हत्यार होते. हचिन्सन यांनी नाव तेच ठेवले, पण सांगितले ते धीराने आणि समजुतीने शिकवण्याबद्दल.

तरीही बहुतेक शिकाऱ्यांना कुत्र्याने स्वतःच्या नाकावर भिस्त ठेवावी हेच पसंत होते. दूरवरच्या कुत्र्याला शिट्टीने थांबवून डावी-उजवीकडे वळवण्याची कला पूर्णत्वाला नेली ती वेगळ्या माणसांनी. ती माणसे बंदूक बाळगत नव्हती.

मेंढपाळाची शिट्टी

आपल्याकडच्या धनगराचा कुत्रा मुख्यतः राखण करतो, लांडग्यापासून कळप वाचवतो. स्कॉटलंडच्या डोंगरातला मेंढपाळी कुत्रा कळप हाकतो. मेंढपाळ या उतारावर उभा, मेंढ्या समोरच्या उतारावर, आणि मधल्या दरीपलीकडे कुत्रा. आवाज पोचेल न पोचेल, पण शिट्टी पोचते. एका शिट्टीला थांब, दुसरीला डावीकडून घेर, तिसरीला उजवीकडून.

जेम्स हॉग हे एट्रिकच्या खोऱ्यातले मेंढपाळ पुढे कवी म्हणून नावाजले. बक्लूच्या ड्यूकने त्यांना राहायला शेत दिले होते, म्हणजे लॅब्रेडॉर वाढवणाऱ्या घराण्याचा आणि मेंढपाळांचा मुलूख एकच होता. हॉग यांनी आपल्या ‘सिर्रा’ नावाच्या कुत्र्याची हकिकत लिहून ठेवली आहे. एका रात्री आईपासून नुकतीच तोडलेली सातशे कोकरे बिथरून तीन टोळ्यांत पांगली आणि डोंगरात गेली. अंधारात काही दिसेना. हॉग कुत्र्याला एवढेच म्हणाले की कोकरे गेली. सिर्रा अंधारात नाहीसा झाला. रात्रभर माणसे शोधत फिरली. पहाटे एका घळीच्या तळाशी सिर्रा कोकरांची राखण करत उभा दिसला, आणि मोजणीत एकही कोकरू कमी भरले नाही.

१८७३ च्या ऑक्टोबरमध्ये वेल्समधल्या बाला गावी मेंढपाळी कुत्र्यांच्या चाचण्यांची स्पर्धा झाली. ब्रिटनमधल्या अशा स्पर्धांची सुरुवात तिथून धरतात. ती जिंकली वेल्समध्ये राहणाऱ्या एका स्कॉटिश माणसाच्या ‘ट्वीड’ नावाच्या कुत्र्याने. अशा स्पर्धांमुळे मेंढपाळांचे हे कसब चारचौघांना पाहता येऊ लागले.

अमेरिकेतली भर

अमेरिकेत १९३१ मध्ये लॅब्रेडॉर रिट्रीव्हर क्लब स्थापन झाला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या चेस्टर येथे पहिली चाचणी भरली. कुत्रे श्रीमंतांचे होते, पण त्यांना शिकवायला स्कॉटलंडहून माणसे आणली गेली. त्यांपैकी डेव्ह एलियट हे लाँग आयलंडवरच्या ‘विंगन’ या कुत्रेशाळेत आले. मेंढपाळांची शिट्टी आणि हाताचे इशारे रिट्रीव्हरसाठी वापरून अमेरिकेत ही पद्धत रुजवण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. मेंढ्या हाकण्याचे कसब पक्षी आणण्याच्या कामी आले. पुढे न पाहिलेले आणणे हा अमेरिकेतल्या मोठ्या चाचण्यांचा अविभाज्य भाग झाला. १९४१ पासून तिथे राष्ट्रीय अजिंक्यपद सुरू झाले. पहिले ते ‘किंग मायडस ऑफ वुडएंड’ या गोल्डन रिट्रीव्हरने जिंकले.

१९५२ आणि १९५३ अशी सलग दोन वर्षे ते ‘किंग बक’ या काळ्या लॅब्रेडॉरने मिळवले. त्याला घडवणारे होते कॉटन पर्शल हे पेशेवर प्रशिक्षक. १९५९ मध्ये अमेरिकी सरकारच्या बदक-शिकारीच्या तिकिटावर तोंडात बदक धरलेला किंग बक छापला गेला. त्यामागचा संदेश असा होता की शिकलेला कुत्रा शिकार वाया जाऊ देत नाही. जखमी पक्षी झुडपात तडफडत मरणे आणि कोणाच्याच उपयोगी न पडणे, हे त्याच्यामुळे टळते.

कोरड्या जमिनीवरचे धडे

ही तालीम प्रत्यक्ष कशी चालते ते पाहिले की ‘सोडण्या’चा अर्थ कळतो. सुरुवात जमिनीवर, कापलेल्या गवताच्या मैदानात होते. तिचे तीन भाग आहेत: सरळ रेषेत जाणे, शिट्टीला थांबणे आणि इशाऱ्याप्रमाणे वळणे. तिन्ही आधी वेगवेगळे शिकवतात.

वळण्याचा धडा बेसबॉलच्या मैदानासारख्या मांडणीवर होतो. कुत्रा मधोमध मालकाकडे तोंड करून बसतो. त्याच्या डाव्या-उजव्या हाताला आणि पाठीमागे डमी ठेवलेल्या असतात. मालकाने उजवा हात आडवा केला की त्या बाजूची आणायची, डावा केला की त्या बाजूची. हात सरळ वर गेला की पाठ फिरवून आणखी दूर जायचे. या तिसऱ्या इशाऱ्यासाठी कुत्र्याला मालकाकडे येण्याची आपली ओढ मोडावी लागते, म्हणून त्यावर सर्वात जास्त मेहनत घेतात.

सरळ जाण्यासाठी एका ठरलेल्या जागी डम्यांचा ढीग ठेवतात. आधी कुत्र्याला तो दाखवतात. मग रोज अंतर वाढवत नेतात. त्या दिशेने गेले की तिथे काहीतरी असतेच, हे त्याच्या मनात ठसले पाहिजे. त्यानंतरच अनोळखी रानात, कधीही न पाहिलेल्या जागेकडे त्याला सोडतात. डम्यांच्या रंगातही युक्ती आहे. कुत्र्याला लाल-हिरव्यातला फरक नीट दिसत नाही. नारिंगी डमी माणसाला गवतात लांबून दिसते, पण कुत्र्याला ती गवतातच मिसळल्यासारखी वाटते. म्हणून या सरावाला नारिंगी डमी वापरतात.

खरे विरोधक असतात वारा, उतार आणि झुडपे. आडवा वारा असला की कुत्रा नकळत वाऱ्याबरोबर सरकत जातो. उतारावर तो खालच्या अंगाला घसरतो. दाट झुडूप आले की त्याला वळसा घालतो. मघाशी जिथे पक्षी सापडला होता, त्या जागेकडे त्याचे मन ओढ घेते. पाणी जसे सखल जागा शोधते, तसा कुत्रा सोपी वाट शोधतो. मालकाच्या एका शब्दावर सोपी वाट टाकून अवघड रेषा धरणे, हे ‘हिदाया’तल्या कसोटीचेच रूप आहे.

पण यात माणसानेही काही सोडायचे असते. शिकाऊ मालकाला शिट्टी वाजवण्याचा मोह आवरत नाही. दर दहा पावलांवर थांबवलेला कुत्रा काही दिवसांत शिट्टी न वाजताही मध्येच थांबतो आणि मागे वळून पाहू लागतो. त्याचा स्वतःवरचा भरवसा गेलेला असतो. म्हणून अनुभवी प्रशिक्षक सरावातल्या बऱ्याच फेऱ्या एकही शिट्टी न वाजवता पूर्ण होऊ देतात. आणि पक्ष्याजवळ पोचल्यावर कुत्र्याचे नाक खाली गेले, शेपूट वेगाने हलू लागली की मालकाने गप्प राहायचे असते. तिथून पुढे कुत्र्याला जास्त कळते.

पट्टा की भरवसा

१९६० च्या दशकात अमेरिकेत एक नवे साधन आले. कुत्र्याच्या गळ्यातला पट्टा आणि मालकाच्या हातातले बटण. बटण दाबले की विजेचा झटका. दोनशे यार्डांवरच्या कुत्र्यापर्यंत चाबूक पोचत नव्हता, झटका पोचू लागला. सुरुवातीचे पट्टे जबर होते. पुढे झटका कमी-जास्त करता येणारे आले आणि त्यांच्याभोवती शिकवण्याची सविस्तर पद्धत उभी राहिली. तिचे समर्थक म्हणतात की आधी नीट शिकवून मग हलकासा झटका दिला तर कुत्र्याला चूक त्या क्षणीच कळते. विरोधक म्हणतात की ही वेदना आहे, आणि याच पट्ट्यावाचून पिढ्यान्‌पिढ्या कुत्रे शिकले आहेत. वेल्सने २०१० मध्ये अशा पट्ट्यांवर बंदी घातली. मेंढपाळी कुत्र्यांची ती पहिली स्पर्धा जिथे झाली, तोच हा देश.

मला या वादात जुनी कसोटी उपयोगी वाटते. फकीहांनी कुत्र्याची परीक्षा शिकारीनंतर घेतली, मालक दूर असताना. कुत्र्याने धरलेले खाल्ले की नाही, हे मालक पोचण्याआधीच ठरलेले असते. त्या वेळी त्याच्यावर कोणाची नजर नसते आणि हाताशी बटणही नसते. रिट्रीव्हरच्या ‘हलक्या तोंडा’चेही तसेच आहे. गवतात दिसेनासा झालेला कुत्रा पक्षी चावतो की अमानत म्हणून जपून आणतो, हे त्याच्या तालमीवर सोडावे लागते. झटका नजरेच्या टप्प्यात काम करतो. कुत्रा नजरेआड गेल्यावर त्याच्याबरोबर उरते ते त्याला दिलेले शिक्षण.

महाराष्ट्राला या जातीची ओळख वेगळ्या कारणाने झाली. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांच्या काळात मुंबई पोलिसांच्या ‘झंजीर’ या लॅब्रेडॉरने ३,३२९ किलो आरडीएक्स आणि शेकडो डिटोनेटर शोधून दिल्याची नोंद आहे. १६ नोव्हेंबर २००० रोजी तो गेला तेव्हा त्याला पोलिसी इतमामात निरोप दिला गेला. त्याच्या कामात नाते उलटे होते. रानात माणसाला जागा ठाऊक असते आणि कुत्रा त्याच्या शब्दावर जातो. मुंबईत जागा कुत्र्याला कळायची आणि माणसे त्याच्या नाकावर जीव सोपवून मागे उभी राहायची.

न्यूफाउंडलंडच्या मासेमारांचा कुत्रा, स्कॉटिश मेंढपाळाची शिट्टी आणि पेशेवर प्रशिक्षकांचा धीर यांतून हे कसब घडले. पुस्तकांत आणि वंशावळींत ठळक नावे अर्ल आणि ड्यूक यांची आहेत. पण अबू हनीफा यांनी कुत्रा शिकला की नाही हे ठरवायचे काम ज्याच्यावर सोडले होते, तो रोज त्याच्यासोबत रानात राबणारा जाणकार माणूस होता.